एसव्हीएनवरून गिटवर: इतिहास शाबूत ठेवून प्रोजेक्ट हलवण्याची पद्धत

एसव्हीएन (सबव्हर्जन) आणि गिट ही कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी साधनं. एसव्हीएनचा रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास, गिटमध्ये न्यायला एक कमांड पुरते, आणि घोळ तिथेच होतो. कमांड चालते, शेवटी कोड दिसतो, सगळे खूश होऊन नव्या सर्व्हरवर पुश करून मोकळे होतात. महिन्याभराने कुणाला तरी जुनी रिलीज बिल्ड करायची असते, तेव्हा कळतं की टॅग, म्हणजे रिलीजना दिलेली नावं, आलेच नाहीत. ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते) काढावं तर नावाच्या जागी फक्त लॉगिन आणि ईमेलच्या जागी रेपोचा लांबलचक यूयूआयडी (ओळख-क्रमांक). तोवर टीमने नवे कमिट (बदलांच्या नोंदी) केलेले असतात. आता मागे जाऊन काहीही दुरुस्त करायचं तर तिथून पुढचा प्रत्येक हॅश (कमिटचा ओळख-आकडा) बदलणार, म्हणजे प्रत्येकाने पुन्हा क्लोन करायचं (सगळा रेपो उतरवायचा) आणि चालू ब्रँच (कामाच्या वेगळ्या वाटा) हाताने हलवायच्या.

म्हणून एकच नियम धरून चला: इतिहासाशी संबंधित जे काही करायचंय, ते पहिल्या माणसाने नवा रेपो क्लोन करण्याआधी. पुढची पद्धत या नियमाभोवतीच बेतलेली आहे. एक ‘कच्चा क्लोन’ असतो, तो एसव्हीएनमधून भरत राहायचा आणि त्यात हाताने काहीही बदलायचं नाही. त्यापासून स्क्रिप्ट चालवून ‘पक्की प्रत’ बनते. चुकली तर पक्की प्रत उडवायची, स्क्रिप्ट सुधारायची, पुन्हा चालवायची.

कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नेमकं स्पेलिंग ‘गिट हेल्प एसव्हीएन’मध्ये मिळेल.

टप्पा १: आधी रेपोची पाहणी

सगळे गृहीत धरतात की रेपोत ट्रंक (मुख्य कोड), ब्रँचेस आणि टॅग्ज असे तीन फोल्डर आहेत. आज असतीलही. पण पहिली काही शे रिव्हिजन (एसव्हीएनमधले क्रमांकित कमिट) थेट मुळाशी कमिट झालेली असतात आणि ‘ट्रंक’ नंतर कुणाला तरी सुचलेला असतो. किंवा एकाच रेपोत पाच प्रोजेक्ट असतात आणि प्रत्येकाची ट्रंक वेगळी.

‘एसव्हीएन लिस्ट’ आजच्या रिव्हिजनवर चालवा, मग मधल्या आणि अगदी सुरुवातीच्या रिव्हिजनवर. त्यानंतर ‘एसव्हीएन लॉग’ व्हर्बोज पर्यायाने फाइलमध्ये काढून घ्या आणि त्यात फोल्डर कॉपी किंवा डिलीट झाल्याच्या ओळी शोधा. तीन गोष्टी लिहून काढायच्या:

ट्रंक कुठल्या रिव्हिजनला जन्मली किंवा हलली. कुठली ब्रँच ट्रंकच्या पोटातल्या उपफोल्डरची कॉपी आहे. आणि टॅगच्या फोल्डरमध्ये नंतर कुणी कमिट केलंय का. एसव्हीएनला टॅग म्हणजे एक साधं फोल्डर, त्यामुळे ‘रिलीज झाली, पण एक ओळ राहिली’ म्हणून टॅगवरच कमिट मारलेले रेपो भरपूर आहेत.

सावधान: ज्या खात्याने हे काम करणार त्याला रेपोतल्या प्रत्येक फोल्डरची वाचण्याची परवानगी हवी. एसव्हीएनमध्ये फोल्डरनिहाय परवानग्या असतात. एखादं फोल्डर तुमच्या खात्याला बंद असेल तर ते फारसा आरडाओरडा न होता गळून जाईल.

याची दुसरी बाजूही आत्ताच बघून ठेवा. गिटमध्ये फोल्डरनिहाय वाचण्याची परवानगी नसते. ज्याने क्लोन केलं त्याला सगळं मिळालं, इतिहासासकट. बाहेरच्या कंत्राटदारांना आजवर न दिसणारं एखादं फोल्डर असेल तर त्याचा वेगळा रेपो करावा लागेल. हा निर्णय तांत्रिक नाही, तो मॅनेजरकडून लेखी घ्या.

टप्पा २: काय न्यायचं, काय सोडायचं

मेलेल्या प्रोजेक्टचा इतिहास नेण्यात वेळ घालवू नका. शेवटच्या कोडचा एकच कमिट करा, एसव्हीएन वाचण्यापुरतं चालू ठेवा, विषय संपला. चालू प्रोजेक्टचा इतिहास मात्र पूर्ण न्यावा असं माझं मत आहे. ‘शेवटची दोन वर्षं पुरेत’ म्हणणाऱ्यांनाच सहा वर्षांपूर्वीची विचित्र इफ कंडिशन कुणी टाकली ते शोधावं लागतं.

पूर्ण नेताना दोन गोष्टी गाळाव्या लागतात. पहिली, मोठ्या बायनरी फाइल. एसव्हीएनमध्ये चेकआउट करणाऱ्याला फक्त शेवटची आवृत्ती येते, त्यामुळे कुणी इन्स्टॉलर, झिप किंवा डेटाबेसचा बॅकअप टाकला तरी जाणवत नाही. गिटमध्ये प्रत्येक क्लोनबरोबर त्या फाइलच्या सगळ्या आवृत्त्या येतात. शिवाय १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेतच नाही, मग ती इतिहासात कितीही खोल का असेना. दुसरी, पासवर्ड आणि की. त्या इतिहासातून काढाच, पण काढल्या म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नका. पासवर्ड बदलणं हाच खरा उपाय.

टप्पा ३: लेखकांची यादी

एसव्हीएनच्या कमिटवर फक्त लॉगिन असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. म्हणून एक साधी टेक्स्ट फाइल बनवायची: डावीकडे लॉगिन, बरोबरचं चिन्ह, उजवीकडे पूर्ण नाव आणि कोनी कंसात ईमेल. एका ओळीत एक लॉगिन. लॉगिनांची यादी ‘एसव्हीएन लॉग’ क्वाएट पर्यायाने काढून, दुसरा रकाना वेगळा करून, सॉर्ट आणि युनिक केली की मिळते. लॉग रेपोच्या मुळावर चालवा. फक्त ट्रंकवर चालवलात तर ब्रँचवरच काम केलेली माणसं सुटतील.

यादी बनवणं दहा मिनिटांचं काम, ती बरोबर करणं हे खरं काम. एकाच माणसाची तीन लॉगिन निघतात: जुन्या डोमेनचं, नव्या डोमेनचं आणि पहिलं अक्षर कॅपिटल असलेलं. तिन्ही एकाच नाव-ईमेलला जोडा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सहकाऱ्यांना कुठलं नाव हवंय ते त्यांनाच विचारा. ‘ॲडमिन’, ‘बिल्ड’, ‘ट्रेनी’ अशा सामाईक लॉगिनमागे कोण होतं याचा अंदाज बांधू नका. त्यांना सामाईक नावच राहू द्या. नोकरी सोडून गेलेल्यांचा खासगी ईमेल परस्पर टाकू नका, कंपनीचा जुना पत्ता पुरतो. आणि जे अजून टीममध्ये आहेत त्यांचा ईमेल नव्या सर्व्हरवर नोंदवलेलाच असायला हवा, नाहीतर कमिट त्यांच्या प्रोफाइलला जोडले जाणार नाहीत.

काही रिव्हिजनना लेखकच नसतो. त्यांच्यासाठी साध्या कंसात ‘नो ऑथर’ असं लॉगिन धरून एक ओळ यादीत असू द्या.

तपासा: यादीतल्या ओळी आणि लॉगमधली वेगळी लॉगिन यांचा आकडा जुळतोय का? लॉगिनच्या मागे-पुढे स्पेस राहिलेल्या नाहीत ना?

टप्पा ४: मशीन आणि मिरर

हे काम लिनक्सवर करा. विंडोज आणि मॅकची फाइल सिस्टिम साधारणपणे लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, आणि गिट ब्रँचची नावं फाइल म्हणून साठवू शकतं. ‘बगफिक्स’ ही ब्रँच एकदा मोठ्या आणि एकदा लहान बी ने बनलेली असेल तर दोन्ही एकमेकींवर चढतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) वापरत असाल तर काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर नको. एसव्हीएनचा इतिहास गिटमध्ये आणणारं साधन म्हणजे गिट-एसव्हीएन. उबुंटूवर ते वेगळं पॅकेज आहे, गिटबरोबर आपोआप येत नाही.

गिट-एसव्हीएन एकेक रिव्हिजन सर्व्हरकडून मागत बसतं. नेटवर्कवरून मोठ्या रेपोला दिवसच्या दिवस लागू शकतात, आणि तेवढा वेळ कंपनीचा सर्व्हरही दमतो. म्हणून आधी रेपोची स्थानिक प्रत घ्या. सर्व्हरवर प्रवेश असेल तर ‘एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी’ सोपी. नसेल तर ‘एसव्हीएनसिंक’ने मिरर भरा, त्यासाठी मिररच्या रेपोत ‘प्री-रेव्हप्रॉप-चेंज’ हुक (ठराविक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) आधी चालू करावा लागतो, तो नसला तर सिंक पहिल्याच पायरीवर अडतं. प्रत आली की ‘एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय’ चालवा. जुन्या रेपोत खराब झालेली एखादी रिव्हिजन निघायची असेल तर ती आज निघू दे.

टप्पा ५: कच्चा क्लोन

आता ‘गिट एसव्हीएन क्लोन’. फोल्डरची मांडणी नेहमीची असेल तर ‘एसटीडी-लेआउट’ हा पर्याय, नसेल तर ट्रंक, ब्रँचेस आणि टॅग्ज यांचे मार्ग वेगवेगळे द्यायचे. बरोबर लेखकांची फाइल.

यादीत नसलेलं लॉगिन आलं की कमांड मध्येच थांबते. घाबरून फोल्डर डिलीट करू नका. यादीत ओळ घाला आणि त्याच फोल्डरमध्ये ‘गिट एसव्हीएन फेच’ म्हणा. जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. वीज गेली, लॅपटॉप झोपला तरी हाच उपाय.

सावधान: यादीतली चूक नंतर सुधारली तरी आधी आलेले कमिट बदलत नाहीत. कच्चा क्लोन पुन्हा करायची गरज नाही. तशा दुरुस्त्या मेलमॅप फाइलमध्ये (चुकीच्या नाव-ईमेलसमोर बरोबर काय ते सांगणारी यादी) लिहून ठेवा, त्या टप्पा ६ मध्ये लागू होतील.

इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत इथे ‘नो-मेटाडेटा’ पर्याय दिलेला असतो. तो देऊ नका. तो दिला नाही की प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ची एक कुरूप ओळ येते, हे खरं. पण त्या ओळीत मूळ रिव्हिजन नंबर असतो. तुमच्या बग ट्रॅकरमध्ये, ईमेलमध्ये, खुद्द कोडच्या कॉमेंटमध्ये ‘अमुक रिव्हिजनला दुरुस्त केलं’ अशा शेकडो नोंदी आहेत. हा नंबर गेला की त्या सगळ्या आंधळ्या होतात. शिवाय तो पर्याय एकदाच करायच्या आयातीसाठी आहे, आणि आपल्याला कच्चा क्लोन शेवटच्या दिवसापर्यंत फेच करत राहायचाय. एलएलव्हीएम या कंपायलर प्रोजेक्टने २०१९ मध्ये गिटवर जाताना जुन्या कमिटच्या संदेशात एसव्हीएनचा नंबर एका छोट्या ओळीत ठेवला. तेच करा: कुरूप ओळ पुढच्या टप्प्यात छोटी करायची, नंबर ठेवायचा.

रेपोची मांडणी वारंवार बदललेली असेल, किंवा ब्रँचमधून ब्रँच असा गुंता असेल, तर गिट-एसव्हीएनशी झगडत बसू नका. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या लोकांचं नियमांच्या फाइलवर चालणारं एसव्हीएनटूगिट आहे, आणि जीसीसी या कंपायलरच्या टीमने जानेवारी २०२० मध्ये वापरलेलं रेपोसर्जन आहे. शिकायला दोन्ही जड, पण अशा रेपोला तीच लागतात.

टप्पा ६: पक्की प्रत

इथून पुढचं सगळं स्क्रिप्टमध्ये, आणि कच्च्या क्लोनच्या नकलेवर. क्रम महत्त्वाचा आहे.

(क) ब्रँच. गिट-एसव्हीएन ब्रँच ‘रिमोट’ म्हणून आणतं. त्या तशाच ठेवून पुश केलं तर फक्त मास्टर (मुख्य ब्रँच) जाते. ‘ब्रँच हरवल्या’ या तक्रारीचं नेहमीचं कारण हेच. प्रत्येक रिमोट ब्रँचवरून खरी ब्रँच बनवा. ट्रंकची वेगळी ब्रँच नको, ती मुख्य ब्रँचमध्ये आलेलीच आहे. एसव्हीएनमध्ये केव्हाच डिलीट झालेल्या ब्रँचही या यादीत दिसतील, कारण गिट-एसव्हीएन त्या काढत नाही. आजच्या ‘एसव्हीएन लिस्ट’शी ताडून बघा आणि नको त्या गाळा. नावानंतर ॲट चिन्ह आणि आकडा असलेल्या ब्रँच म्हणजे त्याच नावाने पुन्हा बनवलेल्या किंवा उपफोल्डरवरून कॉपी केलेल्या ब्रँचचे अवशेष. त्यातल्या बहुतेक टाकाऊ असतात, पण न बघता उडवू नका.

(ख) टॅग. तेही ब्रँचसारखेच आलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला ‘टॅग बनवला’ असा एक जादा कमिट असतो. सरळ त्याच कमिटवर गिटचा टॅग लावला तर तो मुख्य रेषेच्या बाजूला लटकतो, आणि मग ‘गिट डिस्क्राइब’ला (कमिटला जवळच्या टॅगवरून नाव देणारी कमांड) तो सापडत नाही, कारण डिस्क्राइब फक्त मागच्या कमिटांमध्ये शोधतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये तुलना करा: टॅगच्या कमिटमधला फाइलींचा संच त्याच्या पालक कमिटसारखाच आहे का? असेल तर टॅग पालकावर लावा. वेगळा असेल तर टॅगवर नंतर कुणी कमिट केलंय किंवा तो मिश्र रिव्हिजनच्या वर्किंग कॉपीवरून (कुणाच्या तरी मशीनवरच्या प्रतीवरून) बनवलाय. तिथे टॅग त्या जादा कमिटवरच हवा. टॅग ॲनोटेटेड (नाव आणि तारीख नोंदवणारे) ठेवा, तारीख मूळचीच द्या.

(ग) आता या नकलेवरून एक ताजा क्लोन घ्या आणि त्यावर ‘गिट फिल्टर-रेपो’ चालवा. मोठ्या फाइल गाळणं, पासवर्ड पुसणं, मेलमॅप लावणं, आयडीची ओळ छोटी करणं, सगळं इथेच. फिल्टर-रेपो ताज्या क्लोनशिवाय चालायला नकार देतं. ‘फोर्स’ देऊन त्याचं तोंड बंद करू नका, तो नकार तुमच्याच भल्याचा आहे.

(घ) शेवटी रिव्हिजन नंबर आणि नवा हॅश यांची तक्ता-फाइल बनवा. फिल्टरच्या आधी बनवलात तर त्यातला प्रत्येक हॅश खोटा निघेल.

टप्पा ७: पडताळणी

हा टप्पा गाळला तर आधीचं सगळं श्रद्धेवर चाललंय असं समजा. प्रत्येक जिवंत ब्रँच आणि प्रत्येक टॅगसाठी: एका फोल्डरमध्ये ‘एसव्हीएन एक्सपोर्ट’, दुसऱ्यात ‘गिट आर्काइव्ह’, आणि दोघांवर रिकर्सिव्ह डिफ. मुद्दाम गाळलेल्या फाइल सोडून फरक शून्य हवा.

साधा एक्सपोर्ट केलात तर मात्र शेकडो खोटे फरक दिसतील. एसव्हीएन एक्सपोर्ट करताना डॉलर चिन्हांतले कीवर्ड (तारीख, रिव्हिजन नंबर असे) भरतं, एक्स्टर्नल (दुसऱ्या ठिकाणाहून जोडलेली फोल्डर) खेचून आणतं आणि ओळींचे शेवट त्या मशीनच्या पद्धतीने बदलतं. म्हणून ‘इग्नोर-कीवर्ड्स’ आणि ‘इग्नोर-एक्स्टर्नल्स’ हे पर्याय द्या, ‘नेटिव्ह-ईओएल’ला एलएफ सांगा, आणि गिटच्या बाजूला ‘ऑटो-सीआरएलएफ’ बंद ठेवा. एवढं करूनही राहिलेला प्रत्येक फरक खरा धरून त्याचा छडा लावा. रिकामी फोल्डर गिटमध्ये दिसणार नाहीत, तेवढा फरक ठीक.

कमिटांची संख्या मात्र तंतोतंत जुळणार नाही. एकाच रिव्हिजनमध्ये ट्रंक आणि ब्रँच दोन्ही बदललेले असतील तर गिटमध्ये दोन कमिट होतात. रेपोतल्या दुसऱ्या प्रोजेक्टचे कमिट येत नाहीत. आकडा जवळपास असावा आणि तफावतीचं कारण सांगता यावं, एवढं पुरे.

तपासा: जुन्या, पुष्कळदा हललेल्या चार-पाच फाइल निवडून त्यांचं ब्लेम दोन्हीकडे बघा. इतिहास एका ठराविक तारखेला तुटत असेल तर टप्पा १ मधली ट्रंक हलल्याची नोंद काढा. तुटण्याची जागा बहुधा तीच असते.

टप्पा ८: एसव्हीएनच्या प्रॉपर्टींचं काय

प्रॉपर्टी म्हणजे एसव्हीएनमध्ये फाइल-फोल्डरला चिकटवलेल्या सूचना. ‘इग्नोर’ प्रॉपर्टी कच्च्या क्लोनमधून ‘गिट एसव्हीएन शो-इग्नोर’ने मिळते, ती ‘डॉट गिटइग्नोर’मध्ये टाका. ओळींचे शेवट ठरवणाऱ्या ‘ईओएल-स्टाइल’ची जागा ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ घेते. ती घातल्यावर ‘रीनॉर्मलाइझ’चा (ओळींचे शेवट एकसारखे करणारा) एकच स्वतंत्र कमिट करा, त्यात दुसरं काही मिसळू नका, आणि त्याचा हॅश ब्लेमने दुर्लक्षायच्या यादीत घाला, नाहीतर प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव लागेल. बिल्डला लागणाऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये ‘डॉट गिटकीप’ ठेवा.

एक्स्टर्नल आपोआप येत नाहीत. प्रत्येकाचा निर्णय वेगळा: बाहेरची लायब्ररी असेल तर पॅकेज मॅनेजरकडे द्या, आपलाच दुसरा रेपो असेल तर सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला रेपो).

फाइलींची नावं मराठीत असतील तर ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ‘कोर-कोटपाथ’ फॉल्स करा, नावं नीट दिसतील.

टप्पा ९: बदलाचा दिवस

आधी किमान एक रंगीत तालीम पूर्ण झालेली हवी, बिल्ड सर्व्हरसकट. प्रत्यक्ष दिवशीचा क्रम असा:

१. आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांनी आपलं काम कमिट करायचं. ज्यांचं अर्धवट आहे त्यांनी ‘एसव्हीएन डिफ’चा पॅच काढून ठेवायचा. तो गिटवर लावताना ‘गिट अप्लाय’ला ‘पी शून्य’ द्यावं लागतं, कारण गिटच्या पॅचमध्ये मार्गाआधी असणारी ए आणि बी ही अक्षरं एसव्हीएनच्या पॅचमध्ये नसतात.

२. एसव्हीएनमध्ये कमिट करणं बंद करा. ‘स्टार्ट-कमिट’ हुकमध्ये नव्या रेपोचा पत्ता सांगणारा संदेश एरर आउटपुटवर छापून अपयशाचा कोड परत द्या. मग स्वतः एक कमिट करून बघा. हुकच्या फाइलला एक्झिक्यूट परवानगी नसेल तर कमिट अडतो, पण तुमचा संदेश कुणाला दिसत नाही. ईमेलवरच्या ‘कृपया कमिट करू नये’ने काही बंद होत नाही.

३. मिरर सिंक, कच्च्या क्लोनमध्ये फेच, पक्की प्रत बनवणारी स्क्रिप्ट, पडताळणी. प्रॉपर्टींचे कमिटही स्क्रिप्टमधूनच.

४. नव्या सर्व्हरवरचा रेपो पूर्ण रिकामा बनवा. आपोआप रीडमी टाकण्याची खूण काढा, नाहीतर पुश नाकारला जातो आणि घाईत कुणीतरी फोर्स करतं. सगळ्या ब्रँच पुश करा, मग टॅग वेगळे पुश करा. मुख्य ब्रँचला फोर्स पुशपासून संरक्षण लावा.

५. जुनी वर्किंग कॉपी बाजूला ठेवून सगळ्यांनी ताजा क्लोन घ्यायचा.

टप्पा १०: पहिले काही आठवडे

एसव्हीएनची सवय असलेल्या टीमला सगळ्यात जास्त छळणारा शब्द ‘रिव्हर्ट’. एसव्हीएनमध्ये त्याने न कमिट केलेले बदल जातात. गिटमध्ये जुना कमिट उलटवणारा नवा कमिट बनतो. जुन्या अर्थाचं काम गिटमध्ये ‘रिस्टोर’ करतं. आणि कमिट केलं म्हणजे सर्व्हरवर गेलं असं धरून पुश न करता घरी जाणारे लोक पहिल्या आठवड्यात हमखास सापडतील.

फाइल लॉक करून काम करणारे डिझायनर असतील तर त्यांना विसरू नका. साध्या गिटमध्ये लॉक नाही, एलएफएसमध्ये (मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) आहे.

बिल्ड नंबर एसव्हीएनच्या रिव्हिजनवरून बनत असेल तर जास्त काळजी घ्या. कमिटांची मोजणी हा सोपा पर्याय आहे, पण त्याला दोन खाचा आहेत. गिटहब ॲक्शन्सचं (गिटहबवर आपोआप बिल्ड चालवणारी सोय) चेकआउट मुळात एकच कमिट आणतं, त्यामुळे मोजणी एक येते. तिथे पूर्ण इतिहास मागवावा लागतो. आणि एका प्रोजेक्टच्या कमिटांची संख्या पूर्ण रेपोच्या रिव्हिजन नंबरपेक्षा कमी असू शकते. अँड्रॉइड ॲपचा व्हर्जन कोड त्यावरून बनत असेल तर तो मागे जातो आणि प्ले स्टोअर अपडेट घेत नाही. मोजणीत एक ठराविक आकडा मिळवा, असा की पहिला गिट बिल्ड शेवटच्या एसव्हीएन रिव्हिजनच्या वर जाईल.

एसव्हीएनचा सर्व्हर वाचण्यापुरता चालू राहू द्या. तो कायमचा काढायची वेळ येईल तेव्हा ‘एसव्हीएनॲडमिन डंप’ घ्या, तो दुसऱ्या मशीनवर लोड करून व्हेरिफाय चालवा, आणि डंपशेजारी लेखकांची यादी, स्क्रिप्ट आणि रिव्हिजन-हॅशची तक्ता-फाइल ठेवा. मगच सर्व्हर बंद करा.